पास न आलेलं धावणं

रविवारी सकाळी सात ते आठ आम्ही रावेतच्या एका टर्फवर फुटबॉल खेळतो. माणशी दीडशे रुपये, बिब्स टर्फवाल्याचे, बॉल आमचा. मी लेफ्ट विंगला असतो. डावखुरा वगैरे नाही. डाव्या पायाने मला धड शॉटही मारता येत नाही. पण धावता येतं, आणि ज्याला फक्त धावता येतं त्याला आमच्यात विंगला पाठवतात.

मागच्या पावसाळ्यात एका मित्राने जाळीला मोबाईल बांधून अख्खी मॅच रेकॉर्ड केली. घरी येऊन मी ती पाहिली, आणि इंजिनिअर असल्यामुळे मोजली. रिकामी जागा बघून मी 43 वेळा पुढे धावलो होतो. पास आला 9 वेळा. उरलेल्या 34 वेळा मी धावलो, हात वर केला, थांबलो आणि चालत मागे आलो. खेळताना यातलं काहीच जाणवलं नव्हतं. व्हिडिओत मात्र ते परत चालत येणं बघवेना. एखादा माणूस बसस्टॉपवर हात करतोय, बस न थांबता जातेय, आणि तो पुन्हा जागेवर येऊन उभा राहतोय, असं ते दिसत होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. पास आलाच नाही, तर ते धावणं काम म्हणायचं का? म्हणायचं असेल तर त्याचं कुणी कुणाला काही देणं लागतं का?

हसण्यावारी न्यायच्या आधी विंगर काय करतो ते बघा. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे फिरतो, म्हणून आपल्याला वाटतं खेळ बॉलजवळ चाललाय. प्रत्यक्षात 90 मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी बॉल असतो तो साधारण दोन-तीन मिनिटं. बाकी वेळ तो बॉलशिवाय खेळतो. विंगर रेषेला चिकटून उभा राहतो म्हणून समोरच्या फुलबॅकला त्याच्याजवळ थांबावं लागतं, आणि मधे जागा मोकळी होते. तो पुढे पळतो, फुलबॅक त्याच्या मागे पळतो, आणि त्या मोकळ्या जागेतून तिसराच कुणीतरी आत शिरून गोल मारतो. स्कोअरकार्डवर गोल एकाचा, असिस्ट दुसऱ्याचा. ज्याने बचाव फाडला त्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे पास न आलेल्या धावण्यानेही काहीतरी घडलेलं असतं. फक्त ते मोजायची पट्टी आपल्याकडे नसते.

हा युक्तिवाद मला आवडतो, कारण तो माझ्या बाजूचा आहे. पण तो पुरत नाही. माझ्या 34 मधल्या निदान 20 वेळा माझ्यामागे कुणी पळालंच नाही. बचाव करणाऱ्यांना माहीत होतं की मला पास येणार नाही. त्या 20 धावा निव्वळ तयारी होत्या. मी तयार होतो, एवढंच. खरा प्रश्न त्या 20 चा आहे.

*

आमच्या धंद्यात या तयारीला नाव आहे, बेंच. शब्द खेळातूनच आलाय. प्रोजेक्ट संपलं आणि नवीन मिळालं नाही की तुम्ही बेंचवर. पगार चालू, काम नाही. ऐकायला मस्त वाटतं. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत साडेचार महिने बेंचवर होतो. रोज नऊच्या आधी लॉगिन करायचं, टाइमशीटमध्ये 'अनअलोकेटेड' असा कोड भरायचा, सक्तीचे ऑनलाइन कोर्स करायचे, आणि कुठल्या तरी क्लायंटचा इंटरव्ह्यू लागेल म्हणून शर्ट घालून बसायचं. वर शर्ट, खाली बर्मुडा. तिसऱ्या महिन्यात मला कळलं की थकवा कामाचाच असतो असं नाही. हात वर करून उभं राहण्याचाही असतो.

त्या काळात मी फुटबॉल खूप बघितला, आणि एका माणसाच्या करिअरमध्ये अडकलो. अनिकेत जाधव. कोल्हापूरचा.

त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते 2017 ला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, आकुर्डीत. भारतात 17 वर्षांखालचा फिफा वर्ल्ड कप होणार होता, आणि त्याआधी 15 सप्टेंबरला राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' काढलं होतं: एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. कॉलेजच्या ग्राउंडवर गुडघाभर चिखलात आम्हीही त्या दहा लाखांत होतो. तीन आठवड्यांनी, 6 ऑक्टोबरला, दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारत विरुद्ध अमेरिका. भारताचा कुठलाही संघ फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा उतरत होता. 21 मुलांच्या त्या संघात अनिकेत होता. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे आल्या होत्या. आपण अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2, घानाशी 0-4 असे हरलो. तरी त्या मुलांचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं.

कोल्हापूरचा म्हटल्यावर आम्हाला नवल वाटलं नाही. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटवेडा असताना या एका शहराने फुटबॉल पेठांमध्ये धरून ठेवलाय. तिथे क्लबांची नावंच तालमींची आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमला पेठेची मॅच असली की दुपारची कामं बाजूला पडतात. माझा रूममेट मंगळवार पेठेतला. तो सांगायचा, आमच्यात विंगरला पास दिला नाही तर मैदानातल्या माणसाच्या आधी गॅलरीतली माणसं शिव्या घालतात. ही गोष्ट मला तेव्हा विनोदी वाटली होती. आता वाटत नाही. तिथे पास न आलेलं धावणं बघणारं कुणीतरी होतं.

वर्ल्ड कपनंतर अनिकेत फेडरेशनच्या इंडियन ॲरोज संघातून आय-लीग खेळला. मधे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावाला जाऊन आला. (ब्लॅकबर्नचे मालक पुण्याचे, वेंकीज; आपल्याकडचा पैसा तिकडे क्लब चालवतो आणि इकडचे क्लब बंद पडतात, पण ते पुढे येईलच.) मग 2019 ला जमशेदपूर, 2021 ला हैदराबाद, 2022 ला ईस्ट बंगाल, 2023 ला ओडिशा. वर्ल्ड कपला तो फॉरवर्ड होता, नंतर क्लबांमध्ये बहुतेक विंगला. तेविशीच्या आसपासच पाच वेगवेगळ्या जर्सी. हाच सीव्ही आमच्या एचआरकडे गेला असता तर 'जॉब हॉपर' म्हणून पहिल्या चाळणीत उडाला असता.

त्याचा सगळ्यात चांगला काळ हैदराबादचा. जानेवारी 2022 मध्ये हैदराबादने ईस्ट बंगालला 4-0 हरवलं, त्यात तीन गोल ओगबेचेचे आणि एक अनिकेतचा. त्या वर्षी हैदराबाद चॅम्पियन झालं आणि तो भारताच्या मुख्य संघापर्यंतही पोचला. पण ते वर्ष कोविडचं. अख्खी लीग गोव्यातल्या तीन स्टेडियमवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. कोल्हापुरात मॅचला हजारोंनी माणसं असतात, आणि या मुलाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सीझन कुणी गॅलरीत बसून पाहू शकलं नाही.

फायनलला, 20 मार्च 2022 ला, फातोर्ड्यात प्रेक्षकांना सोडलं. ती मॅच मी बेंचच्या दिवसांत यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी पुन्हा पाहिली. केरळा ब्लास्टर्सकडून 68 व्या मिनिटाला गोल मारला राहुल के. पी. ने. तोही विंगर, तोही 2017 च्या त्याच 21 जणांमधला. 88 व्या मिनिटाला हैदराबादसाठी बरोबरी केली साहिल ताव्होराने, आणि तो होता बदली खेळाडू. आधी बाकावर बसलेला गोव्याचा पोरगा गोव्यातल्याच मैदानावर आला आणि येणारा बॉल हवेतच असा मारला की फायनल जिवंत झाली. मग पेनल्टीत लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन अडवल्या आणि हैदराबाद 3-1 ने जिंकलं.

ताव्होराचा गोल दाखवून मोटिव्हेशनल स्पीकर सांगतील, बघा, बेंचवर तयार राहिलं की संधी येते. मला त्या गोलमध्ये उलटं दिसतं. त्या दिवशी बाकावर दोन्ही संघांचे मिळून बरेच जण तितकेच तयार बसले होते. संधी एकाला आली. बाकीच्यांची तयारी कमी नव्हती, पण ती गोष्ट सांगण्यासारखी झाली नाही. फळ आलं म्हणून तयारीला अर्थ आला असं म्हणायचं, तर फळ न आलेल्यांची तयारी फुकट गेली हेही त्याच दमात म्हणावं लागतं. तिथे मी अडतो.

*

माझे वडील भोसरी एमआयडीसीत टेम्पररी होते. आमच्याकडे तो शब्द मराठीच आहे. 'तुझे पप्पा परमनंट का टेम्पररी?' हे शाळेत विचारलं जायचं, आणि त्यावरून वाढदिवसाला काय मिळतं ते कळायचं. टेम्पररीला सात महिने ठेवायचे आणि ब्रेक द्यायचा. सातच का, हे मला फार उशिरा कळलं. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात 240 दिवस काम भरलं की 'सलग सेवा' धरली जायची, आणि मग कामगाराला काढणं अवघड व्हायचं. सात महिने म्हणजे 210 दिवस. मोजूनमापून तीस दिवस अलीकडे. ब्रेकच्या काळात पप्पा रोज सकाळी तयार व्हायचे. डबा नसायचा, पण शर्ट इस्त्रीचा. गेटवर जाऊन यायचे. कधी बोलावलं जायचं, बहुतेक वेळा नाही. नाही बोलावलं की दहाच्या सुमाराला येताना भाजी घेऊन यायचे. म्हणजे मंडईत गेले होते असं दिसावं.

बेंचवर असताना मी तो कायदा काढून वाचला. कामधंदा नसलेला माणूस काय वाटेल ते वाचतो. 1947 च्या त्या कायद्यात 'ले-ऑफ'ची व्याख्या आहे. आपण आयटीवाले लेऑफ म्हणतो ती खरं तर छाटणी. कायद्यातला ले-ऑफ वेगळा. हजेरीपटावर नाव असलेला कामगार ठरलेल्या वेळी कामावर हजर झाला आणि दोन तासांत मालकाने त्याला काम दिलं नाही, तर त्या दिवशी तो ले-ऑफ झाला असं धरायचं. अशा कामगाराला, वर्षाची सलग सेवा असेल तर, मूळ पगार आणि महागाई भत्त्याचा अर्धा भाग द्यायचा.

अर्धा!

मी ते कलम तीन-चारदा वाचलं. ज्या प्रश्नावर मी रात्री जागत होतो त्याचं उत्तर कुणीतरी 50 टक्के असं देऊन ठेवलं होतं. तू आलास, हात वर केलास, बॉल आला नाही, तर तुझी तयारी अर्ध्या कामाइतकी. अर्धाच का, याचं कारण मला सापडलं नाही. मालकाचाही दोष नसेल, कामगाराचाही नसेल, तेव्हा नुकसान वाटून घ्या, असा तो हिशोब असावा. पण तत्त्व बघा. हजर राहणं ही देण्याची गोष्ट आहे, आणि ती घेतली की काहीतरी परत द्यावं लागतं, एवढं तरी कायद्याने मान्य केलं होतं. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा जाऊन नवी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्यातही हे अर्धं टिकलंय.

मग खालचं बारीक वाचलं. हे कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी. म्हणजे आम्ही हिंजवडीवाले बाहेर. आणि 'बदली' किंवा हंगामी कामगारांना हे लागू नाही. मुंबईच्या गिरण्यांत सकाळी गेटवर उभा राहणारा, कुणी गैरहजर असला तरच आत जाणारा, तो बदली कामगार. फुटबॉलमध्ये सब्स्टिट्यूटला आपण बदली खेळाडूच म्हणतो. ज्याचं सगळं आयुष्यच तयार राहण्यात जातं, त्याच्या तयारीची किंमत शून्य. आता चाकणला जा. सकाळी सहा-साडेसहाला तळेगाव चौकात ठेकेदारांच्या गाड्यांची वाट बघत उभी असलेली पोरं बघा. बिहारची, मराठवाड्याची, विदर्भातली. बरीचशी आयटीआय झालेली. ते कुणाच्या हजेरीपटावर आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नाही.

*

इथे मालकाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नाही. सगळ्यांना पास देता येत नाही. बॉल एकच असतो. तयार असलेल्या प्रत्येकाला पगार देत बसलं तर कंपनी बुडेल, आणि मग ज्यांना काम होतं त्यांचंही जाईल. आमच्या भागाला हे पाठ आहे. 2007 पासून 2019 पर्यंत पुण्यात चार क्लब आले आणि गेले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. पुणे एफसीची ॲकॅडमी तर आमच्या हद्दीत, मामुर्डीला. मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन तिथे घडला. व्हियारेयालच्या तिसऱ्या संघाकडे स्पेनला जाऊन आला, पुणे सिटीच्या विंगवरून थेट 2019 च्या आशिया कपपर्यंत गेला. 7 मार्च 2018 ला बालेवाडीत पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू सेमीफायनलचा पहिला लेग होता. आम्ही सहा जण तीन बाइकवर वाकडच्या पुलावरून गेलो होतो. 0-0. चार दिवसांनी बेंगळुरूत छेत्रीने हॅटट्रिक मारून आपल्याला घरी पाठवलं. दीड वर्षात क्लबच राहिला नाही. त्याची जागा घेऊन जो नवा क्लब उभा राहिला तो हैदराबाद. म्हणजे अनिकेत ज्या संघातून चॅम्पियन झाला तो एका अर्थाने आपलाच, नाव आणि गाव बदललेला. हे मी कुठल्याही पुणेकराला सांगितलं की तो म्हणतो, 'असं का?' आणि चहा पितो.

त्याहून जुनं एक उदाहरण आहे. स्टीव्हन डायस. मुंबईचा राइट विंगर, 2007 आणि 2009 चा नेहरू कप जिंकलेल्या भारतीय संघातला. तो महिंद्रा युनायटेडकडून खेळायचा. कंपनीचा क्लब, 1962 पासूनचा, 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकलेला. 2010 मध्ये कंपनीने मोठा संघ बंद केला आणि लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवलं. त्याच 2010 मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या भागातली किती घरं त्या कारखान्यावर आणि त्याच्या व्हेंडरांवर चालतात हे मला माहीत आहे, म्हणून कुणी मला विचारलं की क्लब हवा होता का कारखाना, तर मी कारखाना म्हणेन, आणि लाजणारही नाही. डायस पुढे दुसऱ्या क्लबांत खेळला. सगळ्यांनाच दुसरा क्लब मिळत नाही.

तेव्हा काढू नका, बंद करू नका, असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार हिशोबाबद्दल आहे. तयारी वापरायची, आणि काढायची वेळ आली की 'तू तर खेळलाच नाहीस' म्हणायचं.

याचा सगळ्यात उघडा प्रकार इंग्लंडमध्ये होता. 1963 पर्यंत तिथे क्लबला करार संपलेला खेळाडूही धरून ठेवता यायचा. खेळवायचं नाही, पगार द्यायचा नाही, दुसरीकडे जाऊही द्यायचं नाही. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने 1960 मध्ये न्यूकॅसलकडून खेळायला नकार दिला, काही महिने फुटबॉल सोडून दुसरी नोकरी केली आणि कोर्टात गेला. 1963 मध्ये न्यायाधीशाने ती पद्धत बेकायदा ठरवली. मी हे टीममधल्या एकाला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, 'अरे, मग आपला 90 दिवसांचा नोटीस पिरियड काय वेगळा आहे?' वेगळा आहे, आपल्याला पगार मिळतो. पण त्याचा मुद्दा मला कळला.

आणि 2025 मध्ये तर आपल्याकडे लीगच बेंचवर गेली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत होता, नवा होत नव्हता, म्हणून जुलैत सीझन थांबवला. काही क्लबांनी पगार थांबवले, काहींनी करारच स्थगित केले. शेवटी उशिरा, छोट्या स्वरूपात लीग घ्यायचं ठरलं. पण मधले कित्येक महिने देशातला प्रत्येक व्यावसायिक विंगर एकटाच कुठल्या तरी ग्राउंडवर पळत असणार. विंगरचं सगळं भांडवल म्हणजे वेग, आणि तो बँकेत ठेवता येत नाही. सहा महिने बसला तर सहा महिन्यांचा गेला. त्या पळण्याचा अर्धा पगार कोण देणार होतं?

*

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

मी बेंचवरून सुटलो, नवीन प्रोजेक्ट मिळालं, वर्षभरात लीड झालो. टीममध्ये एक नवा मुलगा आला. चाकणच्या पुढचा, वडील कंत्राटी कामगार, शांत. प्रोजेक्टमध्ये त्याच्यासाठी बिलिंग नव्हतं, म्हणून त्याला मी 'शॅडो' म्हणून ठेवलं. शनिवार-रविवार सिस्टीम बंद पडली तर बघायला कुणीतरी लागतं. त्याला सांगितलं, तू फोन चालू ठेव. तो ठेवायचा. सलग सात महिने एकाही वीकेंडला तो चाकण सोडून कुठे गेला नाही, हे मला नंतर कळलं. सिस्टीम बंद पडली दोनदा. दोन्ही वेळा त्याने पहिल्या पाच मिनिटांत उचलला. बाकी सगळे वीकेंड काहीच झालं नाही. त्या सगळ्या शनिवार-रविवारी मी रात्री शांत झोपलो आणि सकाळी रावेतला फुटबॉल खेळलो.

मग वरून शीट आली. नाव, पदनाम, युटिलायझेशन. टीममधून एक नाव द्यायचं होतं. त्याचं युटिलायझेशन 31 टक्के होतं, सगळ्यात कमी. ते कमी का आहे हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं. शेरा लिहायला एक रकाना होता. मी लिहू शकलो असतो की हा 31 टक्केवाला होता म्हणून बाकीचे 90 वर होते. मी तो रकाना मोकळा ठेवला. कारण लिहिलं असतं तर विचारलं गेलं असतं, बिलिंग नसताना त्याला ऑन-कॉल कुणी ठेवला? मी ठेवला होता. आणि मग यादीत कदाचित माझं नाव आलं असतं. मला पुन्हा वर शर्ट, खाली बर्मुडा घालून बसायचं नव्हतं.

त्याने राजीनामा दिला. अशा वेळी राजीनामाच घेतात. शेवटच्या दिवशी टीम लंचला तो आला, त्याने बिर्याणी खाल्ली, आणि मला म्हणाला, 'सर, खूप शिकायला मिळालं.' मी त्याला म्हणालो, आणि हे लिहिताना हात जड होतोय, की काम करत राहायचं रे, फळाचा विचार करायचा नाही.

त्यानंतर मला गीतेतला तो विचार ऑफिसच्या पोस्टरवर दिसला की नजर वळवावी लागते. विचारात खोट नाही. मी स्वतःला तो सांगू शकतो. टर्फवर 34 वेळा पास न येता पस्तिसाव्यांदा पळायला तोच उपयोगी पडतो. पण जो बॉल पायाशी ठेवून उभा आहे त्याने पळणाऱ्याला तो ऐकवायचा नसतो. कृष्णाने अर्जुनाला सांगितलं तेव्हा तो स्वतः त्याच रथावर बसून घोडे हाकत होता, बाण त्यालाही लागू शकत होते. मी एसी मीटिंग रूममध्ये होतो. आणि शीट माझ्याच हातात होती.

कुणी म्हणेल, त्याला पगार मिळतच होता, मग देणं कसलं राहिलं? पगाराचं देणं फिटलं असेल. साक्षीचं राहिलं. तो धावला हे मी एकट्याने पाहिलं होतं. पेठेतल्या गॅलरीत बसलेला माणूस दुसरं काय करतो? त्याच्या हातात पास नसतो, फक्त ओरडून सांगता येतं की पोरगं मोकळं होतं, दिसत नाही का. मी ओरडलो नाही. उलट पास न देणारा मीच, आणि गॅलरीत एकटा बसलेलाही मीच. दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे असल्या की कुणी ओरडत नाही.

पप्पांना मी हे सगळं सांगितलं. ते आता रिटायर आहेत, टेम्पररी म्हणूनच झाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'गेटवर एक सुपरवायझर होता आमच्या. काम नसलं तरी बाहेर येऊन सांगायचा, आज नाही, जा. बाकीचे सांगायलाही यायचे नाहीत, आम्ही दहापर्यंत उभे.' मग थोड्या वेळाने, 'त्याचं नाव अजून लक्षात आहे.' आणि नाव सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या नव्या नोकरीसाठी व्हेरिफिकेशनची लिंक मला आली. त्याने रेफरन्स म्हणून माझं नाव दिलंय. दहा प्रश्न आहेत. वक्तशीरपणा, वागणूक, पुन्हा घ्याल का, असे. नववा प्रश्न: उमेदवाराने तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय काम केलं? उत्तराला 250 अक्षरांची मर्यादा. माझं पहिलं उत्तर बाराशे अक्षरांचं झालं. कापून कापून 410 वर आणलंय. लिंक शुक्रवारपर्यंत चालू आहे.